पाठांच्या चित्रफिती आणि त्यांचे रक्षण



मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि खेड्यापाड्यांतील अनेक शिक्षकांनी प्रथमच मोबाइलपुढे उभे राहून पाठ घेतला. नाइलाज म्हणून सुरू झालेला हा उद्योग शाळा पुन्हा भरू लागल्यावरही थांबला नाही. अपूर्णांक, जोडाक्षरे, नकाशावाचन अशा विषयांच्या चित्रफिती शिक्षक आजही तयार करतात, इंटरनेटवर ठेवतात व पालकांच्या गटावर पाठवितात. त्यामुळे पूर्वी ग्रंथकारांना आणि चित्रपट काढणाऱ्यांना पडणारा एक प्रश्न आता प्राथमिक शिक्षकापुढेही येऊन ठेपला आहे. आपण श्रमाने केलेली चित्रफीत दुसऱ्याने पडद्यावरून उतरवून घेतली आणि स्वतःची म्हणून मिरविली तर काय करावयाचे? तसे होऊच नये म्हणून काही उपाय आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात असे की, पडद्यावर दिसणारी वस्तू कोणालाही उतरविताच येणार नाही, असे कुलूप अद्याप निघालेले नाही. परंतु कोणती वस्तू कुलपात ठेवावी, कोणती आपले नाव घालून उघडी ठेवावी आणि कोणती मुळात टिपूच नये, हा विवेक शिक्षकाने आधी केला, तर हानीचा मोठा भाग टळतो. प्रस्तुत लेखात या विवेकाची आधारभूत माहिती क्रमाने दिली आहे.

चोरीने नेमके काय जाते?

खडूची पेटी चोरीस गेली तर कपाट रिकामे होते. चित्रफितीची चोरी तशी नसते. मूळ प्रत आपल्यापाशीच राहते. म्हणून पुष्कळांना ही चोरी वाटतच नाही. तथापि तिच्यामुळे तीन गोष्टींची हानी होते.

पहिली हानी नावाची. समजा, एका शिक्षिकेने चौथीसाठी अपूर्णांकांचा पाठ केला आणि चित्राच्या तळाशी शाळेचे व स्वतःचे नाव लिहिले. दुसऱ्या कोणी तो पाठ पडद्यावरून मुद्रित करून घेतला, तळाची पट्टी कापली आणि आपल्या वाहिनीवर चढविला. श्रम एकीचे, कीर्ती दुसऱ्याची, आणि जाहिरातीचे उत्पन्न असलेच तर तेही दुसऱ्याचेच.

दुसरी हानी आशयाची. वरील उदाहरणात नावाची पट्टी कापताना तिच्या लगत काढलेली संख्यारेषाही कापली गेली, तर पाठ अर्धवट राहतो. मुले चुकीचे शिकतात, आणि ती चूक दुरुस्त करण्याचा अधिकार मूळ शिक्षिकेच्या हाती उरत नाही.

तिसरी हानी सर्वांत गंभीर असून ती बालकांची आहे. वाचताना अडखळणारा विद्यार्थी शिक्षकाने कौतुकाने टिपलेला असतो. तोच दहा सेकंदांचा तुकडा कोणी हसण्यासाठी उचलला, तर त्या मुलाचा चेहरा गावोगाव फिरतो आणि तो परत बोलावता येत नाही. पाठ चोरीस गेला तर तो पुन्हा करता येतो. मुलाची गेलेली उमेद परत आणणे त्याहून फार कठीण आहे.

कुलूप कसे चालते?

चित्रपट अथवा सशुल्क शिकवणी दाखविणाऱ्या मोठ्या संस्था चित्रफीत अखंड पाठवीत नाहीत. तिचे काही सेकंदांचे लहान लहान तुकडे केले जातात आणि प्रत्येक तुकडा गणिती रीतीने कूटबद्ध केला जातो. यासाठी ए.ई.एस. नावाची पद्धत सर्रास वापरतात. अमेरिकेने २००१ साली ती प्रमाण म्हणून स्वीकारली. तिच्यातील किल्ली १२८ बिटांची असली, तर संभाव्य किल्ल्यांची संख्या ३९ अंकी होते. एकेक किल्ली लावून पाहात हे कुलूप उघडणे व्यवहारात अशक्य आहे.

प्रेक्षकाने चित्रफीत सुरू केली की त्याचा मोबाइल एका परवाना देणाऱ्या संगणकाकडे किल्ली मागतो. प्रेक्षकाने वर्गणी भरली आहे काय व त्याचे यंत्र विश्वासपात्र आहे काय, हे पाहून तो संगणक किल्ली धाडतो. या व्यवस्थेचे तीन प्रकार विशेष प्रचारात आहेत: गूगलची वाइडवाइन, ॲपलची फेअरप्ले आणि मायक्रोसॉफ्टची प्लेरेडी. वाइडवाइनच्या सर्वांत कडक पातळीत कुलूप उघडण्याचे व चित्र तयार करण्याचे काम मोबाइलच्या प्रोसेसरमधील एका राखीव भागात होते. तेथे अन्य कोणत्याही ॲपला प्रवेश नसतो. म्हणूनच अशा वेळी स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू केले, तर मुद्रणात नुसता काळा चौकोन उमटतो. सैल पातळीत हेच काम साध्या सॉफ्टवेअरमध्ये होते. ते फोडणे तुलनेने सोपे असल्यामुळे पुष्कळ संस्था अशा यंत्रांना कमी स्पष्टतेचे चित्र पाठवितात.

याखेरीज अँड्रॉइड मोबाइलवर ॲप तयार करणाऱ्यास आपली खिडकी 'सुरक्षित' म्हणून जाहीर करता येते. मग तिचे छायाचित्र वा मुद्रण मोबाइल घेऊ देत नाही. आयफोनवर २०१७ पासून, पडदा मुद्रित होत आहे ही गोष्ट ॲपला कळू शकते आणि ते आपले चित्र झाकून घेऊ शकते. संगणक व प्रोजेक्टर यांना जोडणाऱ्या तारेसाठीही इंटेल कंपनीने विकसित केलेली एच.डी.सी.पी. नावाची कुलपाची पद्धत आहे. काही वेळा शाळेच्या जुन्या प्रोजेक्टरवर इतर सर्व दिसते, पण एखाद्या सशुल्क सेवेचे चित्र मात्र उमटत नाही, त्याचे एक कारण हे असू शकते. ते यंत्र ही पद्धत जाणत नसेल तर दोष तारेचा नसतो, तसाच तो शिक्षकाचाही नसतो.

कुलपाची मर्यादा

इतका बंदोबस्त असूनही चोरी होते, याचे कारण सरळ आहे. चित्रातील प्रकाश डोळ्यापर्यंत पोचल्याशिवाय पाहणे घडत नाही. आणि जो प्रकाश डोळ्यापर्यंत पोचतो, तो समोर धरलेल्या दुसऱ्या मोबाइलच्या भिंगापर्यंतही पोचतो. ही वाट बंद करणारे कुलूप नाही. चित्रपटगृहात पडद्यासमोर कॅमेरा धरून होणारी चोरी हीच. ती रोखण्यासाठी यंत्र अपुरे पडल्यामुळे संसदेस २०२३ साली चलच्चित्र कायद्यात दुरुस्ती करून किमान तीन महिन्यांच्या कारावासाची व तीन लाख रुपये दंडाची शिक्षा ठेवावी लागली.

कुलपेही कायम टिकत नाहीत. डी.व्ही.डी. तबकड्या १९९६ साली बाजारात आल्या, तेव्हा त्यांच्या निर्मात्यांनी त्या कूटबद्ध केल्या होत्या. १९९९ सालीच ते कूट उलगडणारा प्रोग्रॅम जगभर पसरला. तेव्हा कुलपाचे कार्य चोरी अशक्य करणे हे नसून ती कष्टाची करणे एवढेच आहे, असे समजून चालावे.

प्राथमिक शिक्षकाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. अशी व्यवस्था विकत घ्यावी लागते आणि तिला बरा मोबाइल व अखंड इंटरनेट लागते. वस्तीवरील मूल वडिलांच्या जुन्या मोबाइलवर, मिळेल तेवढ्या रेंजमध्ये पाठ पाहते. तेथे कुलूप चोराच्या आधी विद्यार्थ्यालाच अडविते. एकाच वर्गणीवर अवलंबून असणाऱ्या शिकवणीला कुलूप आवश्यक असेल. सर्वांपर्यंत पोचावा म्हणून केलेल्या पाठाला ते घातकही ठरू शकते. यूट्यूबवर आपण चढविलेल्या सामान्य चित्रफितीला असे कुलूप सहसा लागत नाही, हेही ध्यानात ठेवावे. तेथे 'अनलिस्टेड' ठेवलेली चित्रफीत गुप्त नसते. दुवा ज्याच्या हाती पडेल त्या प्रत्येकास ती दिसते. 'प्रायव्हेट' ठेवलेली मात्र आपण निमंत्रित केलेल्या खात्यांनाच दिसते.

कुलपापेक्षा खूण बरी

जेथे कुलूप चालत नाही तेथे खूण चालते. आपल्या शेतकऱ्यांना ही गोष्ट नवी नाही. कुरणात सोडलेल्या मेंढरांना कोणी कुलूप लावीत नाही, खूण करतो. मोठ्या संस्था प्रेक्षकाचा मोबाइल क्रमांक फिकट अक्षरांत चित्रावर फिरता ठेवतात. दुसऱ्या मोबाइलने टिपले तरी तो क्रमांक सोबत जातो आणि प्रत कोणाकडून फुटली ते कळते. काही ठिकाणी डोळ्यांस न दिसणारी खूणही चित्रात मिसळलेली असते.

आपणांस इतके करण्याची गरज नाही. पुढील साध्या उपायांना खर्च पडत नाही.

१. नाव चित्राच्या कडेला लिहू नये. कडेचे नाव कापणे सोपे असते. फळ्यावर जेथे प्रत्यक्ष उदाहरण सोडवावयाचे, तेथेच लगत शाळेचे नाव व दिनांक लिहावा. तो कापला तर उदाहरणही कापले जाईल आणि चोरी उघडी पडेल.

२. नाव तोंडानेही सांगावे. केवळ आरंभी नव्हे, तर पाठाच्या मध्यावर एकदा ओघात सांगावे. चित्र कापणारा पुष्कळदा आवाज तसाच ठेवतो.

३. मोबाइलमध्ये टिपलेली मूळ फाइल, न जोडलेल्या तुकड्यांसह, जपून ठेवावी. व्हॉट्सॲपवर पाठविलेली प्रत आकसलेली असते. ती पुराव्यास तितकीशी उपयोगी पडत नाही. मूळ तुकडे केवळ कर्त्यापाशीच असतात, म्हणून त्यांचे मोल अधिक.

४. एका वहीत पाठाचे नाव, टिपल्याचा दिनांक, कोठे ठेवला तो दुवा आणि वापरलेल्या चित्र-संगीताचा उगम यांची नोंद ठेवावी. टाचणवही ठेवणाऱ्या शिक्षकाला ही सवय जड जाणार नाही.

कायदा आपणांस काय देतो?

आपल्या देशाचा स्वामित्वहक्क कायदा, म्हणजे कॉपीराइटचा कायदा, १९५७ सालचा असून तो जानेवारी १९५८ मध्ये अमलात आला. कृती निर्माण होताच हक्क निर्माण होतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. चित्रफितीवरील हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्यास कलम ६३ नुसार सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. धंद्यातील लाभासाठी केलेले कृत्य नसेल, तर न्यायालय कारणे नमूद करून शिक्षा कमी करू शकते.

२०१२ साली या कायद्यात दोन कलमे जोडली गेली आणि ती आपल्या विषयाशी निकट संबंधित आहेत. हक्कभंगाच्या हेतूने संरक्षक कुलूप फोडणे हा कलम ६५अ प्रमाणे गुन्हा आहे. कृतीवरील कर्त्याचे नाव, शीर्षक यांसारखी हक्कदर्शक माहिती जाणूनबुजून व अनधिकाराने काढून टाकणे हा कलम ६५ब प्रमाणे गुन्हा आहे. दोहोंसही दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड आहे. नावाची पट्टी कापणे ही क्षुल्लक खोडी नव्हे, हे यावरून स्पष्ट होईल.

येथे एक सूक्ष्म गोष्ट सांगणे अवश्य आहे. नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या कृतीवरील पहिला हक्क, वेगळा करार नसल्यास, कलम १७ अन्वये सामान्यतः नोकरी देणाऱ्याकडे जातो. मात्र कृती आपली आहे असे सांगण्याचा कर्त्याचा हक्क कलम ५७ ने स्वतंत्रपणे राखला आहे. म्हणून कार्यालयाच्या आदेशाने पाठ करताना श्रेयनामावलीत आपले नाव राहील हे आधीच लेखी ठरवून घ्यावे. त्यात संकोच बाळगू नये.

कायदा आपणांकडून काय मागतो?

जो न्याय आपणांस हवा, तो इतरांसही दिला पाहिजे. अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने एखाद्या कृतीची नक्कल करणे कलम ५२ प्रमाणे हक्कभंग ठरत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका छायाप्रतीच्या दुकानाविरुद्ध परदेशी प्रकाशकांनी लावलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली या सवलतीचा अर्थ उदारपणे लावला. त्याचप्रमाणे विद्यार्थी, शिक्षक, पालक व शाळेच्या कार्याशी संबंधित व्यक्ती एवढ्याच प्रेक्षकांपुढे शाळेच्या उपक्रमात चित्रपट दाखविण्यासही हे कलम मुभा देते.

परंतु ही मुभा वर्गासाठी आहे, जगासाठी नाही. एखाद्या संस्थेची सशुल्क शिकवणी पडद्यावरून मुद्रित करून शंभर शिक्षकांच्या गटावर टाकणे, किंवा चित्रपटातील गाणे आपल्या पाठामागे लावून तो सार्वजनिक करणे, हे अध्यापन ठरत नाही. पुष्कळदा हे सद्हेतूने, गरीब मुलांना लाभ व्हावा म्हणून केले जाते. हेतू चांगला असला तरी मार्ग तपासावा लागतो. मुलांना खरोखर लाभ द्यावयाचा तर मुक्त साहित्य शोधावे. केंद्र शासनाने २०१७ साली सुरू केलेल्या 'दीक्षा' या व्यासपीठावर असे साहित्य विपुल आहे. त्यातील पुष्कळ साहित्यावर 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्याची नोंद असते. ती वाचून व कर्त्याचा उल्लेख करून ते वापरता येते.

आपला पाठही अशा परवान्याने मोकळा करता येतो. या परवान्यांचा अर्थ 'कोणाचेही नाही' असा नसून 'सर्वांनी वापरावे, पण नाव सांगावे' असा आहे. व्यापारी उपयोग नको असल्यास तशी अट असलेला परवाना निवडावा. मात्र परवाना पूर्ण विचार करून द्यावा. ज्यांनी तो मान्य करून साहित्य घेतले, त्यांच्याकडून तो परत घेता येत नाही.

तीन वाटण्या

चित्रफीत टिपण्यापूर्वीच तिची वाटणी ठरवावी. पाठ, प्रयोग, गणिती कृती, उच्चार यांच्या चित्रफिती पहिल्या वाटणीत येतात. त्यांवर वर सांगितल्याप्रमाणे खूण करून त्या मोकळ्या ठेवाव्यात. त्या जितक्या पसरतील तितके कार्य होईल, आणि नाव सोबत गेल्यास श्रमाचे चीजही होईल.

दुसऱ्या वाटणीत प्रश्नसंच, चाचण्यांची उत्तरे, शिक्षकांपुरते प्रशिक्षण हे येते. ते 'प्रायव्हेट' ठेवून मोजक्या खात्यांनाच द्यावे. पण निमंत्रितांपैकी कोणीही ते टिपू शकतो हे गृहीत धरूनच द्यावे.

तिसऱ्या वाटणीत बालकांचे चेहरे, नावे, चुका, रडणे, घरची परिस्थिती. या गोष्टी सार्वजनिक करण्यासाठी टिपूच नयेत. मुलाची कृती दाखवावयाची असेल तर वही, हात, मांडलेले मणी दाखवावेत. चेहऱ्यावाचून पाठ अडत नाही. चेहरा येणे अपरिहार्यच असेल, तर पालकांना चित्रफीत प्रत्यक्ष दाखवून, ती कोठे ठेवणार हे समजावून, लेखी संमती घ्यावी. संसदेने २०२३ साली संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची दिशाही हीच असून १८ वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीबाबत पालकांची पडताळता येईल अशी संमती त्यात अपेक्षिली आहे. ज्या वस्तूचे प्रतिमुद्रण थांबविता येत नाही, तिच्याबाबत एकच खात्रीचा उपाय उरतो, तो म्हणजे मूळ मुद्रणच न करणे.

चोरी आढळल्यास

प्रथम त्या प्रतीचा दुवा, दिनांक, वाहिनीचे नाव व पडद्याचे छायाचित्र नोंदवून ठेवावे. त्यानंतर त्या व्यक्तीस सौम्य शब्दांत कळवावे. कित्येकांना आपण काही अनुचित केले याची जाणीवच नसते आणि एका निरोपाने ते नाव घालतात किंवा चित्रफीत काढतात. तेवढ्याने न भागल्यास हक्क आपला की कार्यालयाचा हे मुख्याध्यापकांशी बोलून निश्चित करावे आणि त्या संकेतस्थळाचा कॉपीराइट तक्रारीचा अर्ज भरावा. २०१३ च्या नियमांतील नियम ७५ प्रमाणे हक्कधारकाची रीतसर लेखी तक्रार मिळाल्यावर, ती ग्राह्य वाटल्यास, साहित्य साठविणाऱ्या संस्थेने ३६ तासांच्या आत ते रोखावयाचे असते. ही रोख २१ दिवसांची असते. त्या अवधीत न्यायालयाचा आदेश न आल्यास ते पुन्हा खुले होऊ शकते. खोटी तक्रार कधीही करू नये.

बालकाच्या चित्राचा दुरुपयोग झाला असल्यास मात्र पत्रव्यवहारात वेळ घालवू नये. पालकांना विश्वासात घेऊन तत्काळ राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी. बालकांच्या साहाय्यासाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. 'पाहा, किती वाईट आहे' असे म्हणून ती चित्रफीत शिक्षकांच्या गटावर पुढे पाठविणे सर्वथा टाळावे; त्यामुळे तिचा प्रसार आपल्याच हातून होतो.

समारोप

शिक्षकाचे धन वाटल्याने वाढते, ही आपली जुनी समजूत खोटी नाही. पाठ सर्वांचा व्हावा, पण तो करणाऱ्याचे नाव पुसले जाऊ नये आणि त्यात दिसणाऱ्या मुलाची अप्रतिष्ठा होऊ नये, एवढीच मर्यादा राखावयाची आहे. ही मर्यादा यंत्राने पूर्णपणे राखली जाणार नाही. फळ्यावर दुसऱ्याची कविता लिहिताना जो शिक्षक तिच्याखाली कवीचे नाव लिहितो, तो आपल्या विद्यार्थ्यांना याचा पहिला धडा देतच असतो.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चेसाठी काही प्रश्न:

१. आपल्या केंद्रातील शिक्षकांच्या चित्रफिती वरील तीन वाटण्यांत कशा विभागता येतील?

२. पूर्वी सार्वजनिक केलेल्या चित्रफितींत मुलांचे चेहरे वा नावे आहेत काय? असल्यास त्या काढण्याचे काम कोणी व केव्हा करावे?

३. आपल्या गटावर इतरांचे सशुल्क साहित्य येते काय? त्याऐवजी कोणते मुक्त साहित्य सुचविता येईल?

४. पालकांच्या संमतीपत्राचा साधा, सर्वांस समजेल असा मसुदा कसा असावा?